हाताला आधी कळायचं

औषधाच्या दुकानातून बाहेर आल्यावर मिसबाहला रस्त्याच्या पलीकडे अब्बा दिसले. वांग्यांच्या हातगाडीपाशी ते उभे होते आणि त्यांच्या दोन्ही हातांत एकेक हिरवं वांगं होतं. रविवारची सकाळ होती. डिसेंबरचं ऊन नुकतंच बाजारावर उतरलं होतं, आणि भरताच्या वांग्यांचे चकचकीत ढीग गाडीगाडीवर लागले होते. दुकानात शिरताना तिने त्यांना तिथेच सोडलं होतं. आत गर्दी होती, अम्मीच्या गोळ्यांपैकी एक मिळत नव्हती, ती मागवून घेण्यात निदान पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. तेवढ्या वेळात किलोभर वांगी घेऊन अब्बा तिला शोधत यायला हवे होते. ती रस्ता ओलांडून जवळ गेली तेव्हा गाडीवाल्या भिकुबाईने तिच्याकडे बघून कपाळाला हात लावला. "कव्हाना उभा शेतस बाबा," ती म्हणाली, "ल्यो म्हनी तर लेत नहीत, ठेवो म्हनी तर ठेवत नहीत." अब्बांनी मात्र अगदी शांतपणे मिसबाहला दोन्ही वांगी दाखवली. हे आकाराच्या मानाने हलकं, म्हणजे आत बिया कमी. त्याची साल जाड, विस्तवावर फुटायचं नाही, धूर चांगला धरेल. याचा देठ ताजा. त्याचा गर जास्त. ते सांगत होते त्यातलं एक अक्षर चुकीचं नव्हतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ती पूर्वी शिकवायची तेव्हा फळ्यावर असाच तक्ता काढायची, या बाजूला फायदे, त्या बाजूला तोटे. शहाणा माणूस असंच मोजून निवडतो, असं पुस्तकात होतं. पण पुस्तकातला तो माणूस कधीतरी निवड करून घरी जात असणार. अब्बा घरी जायला निघालेच नव्हते. तिने त्यांच्या हातातली दोन्ही वांगी घेतली, आणखी चार घालून तोलायला दिली आणि ते मुकाट्याने तिच्यामागून चालू लागले. ते खोळंबले याचं तिला इतकं काही वाटलं नव्हतं. ते ओशाळले नव्हते, हे तिला टोचत होतं. चारचौघांत आपली फजिती झाली की कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होणारा हा माणूस होता.

ती तीन महिन्यांसाठी पुण्याहून जळगावला आली होती, आणि ज्या कामासाठी आली होती ते काम नेमकं हेच होतं, म्हणून तिला स्वतःचाच राग आला. माणूस निवडतो कसा, हा तिच्या प्रबंधाचा विषय. अर्थशास्त्राच्या विभागात बसून ती लोकांच्या बोटांचा घाम मोजायची, म्हणून विभागातले जुने प्राध्यापक तिला हसायचे. घाम मोजायचा तर डॉक्टरीण व्हायचं होतंस, असं एकाने भर सभेत म्हटलं होतं. पण तिचे मार्गदर्शक प्रेमराज सर तिच्या बाजूने होते. माणूस नफातोटा मोजतो तेव्हा त्याचं पोट, त्याची छाती, त्याच्या कपाळामागचा मेंदू हे सगळे त्या मोजणीत सामील असतात, आणि ते सोडून मांडलेलं गणित म्हणजे मीठ विसरलेली भाजी, असं ते म्हणत. सोबतीला स्वप्नील नावाचा तिच्याच विभागातला सहकारी होता. दोघं मिळून एका पेटीत यंत्र घेऊन धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत फिरत होती. खेळ साधा होता. समोर पत्त्यांच्या चार थप्प्या. पत्ता उलटला की त्यावर आकडा, तेवढे चवळीचे दाणे मिळायचे किंवा जायचे. दोन थप्प्या आधी भरभरून द्यायच्या आणि मग एका झटक्यात सगळं काढून घ्यायच्या. दोन थप्प्या थोडं थोडं द्यायच्या पण बुडवायच्या नाहीत. हे कोणी सांगायचं नाही, खेळता खेळता ज्याचं त्याने ओळखायचं. माणसाच्या दोन बोटांना पट्ट्या लावलेल्या असायच्या आणि पडद्यावर एक रेघ चालायची. गंमत अशी की दहा-बारा पत्ते झाले की खोट्या थप्पीकडे हात जायच्या आधीच रेघ वर उसळायची. माणसाला विचारलं तर तो म्हणायचा, अजून काही अंदाज येत नाही. त्याच्या तोंडाला कळायला पन्नास पत्ते लागायचे, बोटाला दहातच कळलेलं असायचं. दोंडाईच्याला मिरचीचे व्यापारी झुलाल नाना खेळायला बसले होते. पंचविसाव्या पत्त्याला ते थांबले आणि आपल्याच हाताकडे बघत म्हणाले की ताई, का ते ठाऊक नाही, पण हात तिकडे जातच नाही. मिसबाहने ते वाक्य वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या होत्या. अशी एकशे चाळीस माणसं झाली होती. संध्याकाळी घरी येऊन ती त्या रेघा बघत बसायची आणि पलीकडच्या खाटेवर अब्बा बसलेले असायचे.

चौदा महिन्यांपूर्वी त्यांच्या कपाळामागची गाठ काढली होती. लिंबाएवढी होती, कर्करोगाची नव्हती, डॉक्टरांनी ती अख्खी निघाली म्हणून सांगितलं. मिसबाह तेव्हा आठ दिवस दवाखान्यात राहिली होती आणि परीक्षांसाठी परत गेली होती. वास येणं कायमचं गेलं, एवढीच किंमत पडली असं सगळ्यांनी धरलं. अब्बा पूर्वीसारखे बोलत, हिशेब अचूक करत, जुन्या गोष्टी तारीखवार सांगत. उलट त्यांचा तापटपणाच गेला. अम्मी फोनवर म्हणायची की तुझे अब्बा आता फकीर झालेत, ताटात काय वाढलं, अंगात काय घातलं, कशाचंच काही नसतं. हे सांगताना अम्मीचा आवाज सुखी असायचा, निदान मिसबाहने तो तसा ऐकला होता. आता रविवारी दुपारी भरताला फोडणी देणाऱ्या अम्मीशेजारी उभं राहून तिने जरा वेगळं विचारलं, तेव्हा अम्मीने, म्हणजे साबेराने, कढईतून नजर न काढता सांगितलं की सकाळी सदरा मीच काढून ठेवते. एकदा ठेवायला विसरले तर कपाटासमोर उभे होते, धरणगावला कामावर जायची गाडी निघून गेली. आणि मग थोड्या वेळाने, तू काळजी करशील म्हणून बोलले नाही. मिसबाहला धरणगावचं जिनिंग, कापसातून सरकी काढण्याचा तो कारखाना, आठवलं. ती सात-आठ वर्षांची असताना सुट्टीत अब्बांबरोबर तिथे जायची. पिंजाऱ्याचं घर त्यांचं. आजोबा धनुकलीने गाद्यांचा कापूस पिंजत गावोगाव फिरले, अब्बा त्याच कापसाची पारख करायला जिनिंगमध्ये लागले. शेतकऱ्याची गाडी आली की अब्बा ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायचे, आतला चिमूटभर कापूस काढून दोन्ही हातांच्या चिमटीत ओढायचे, तंतू अंगठ्याच्या नखावर धरायचे. लांबी, ओलावा, किडक्या कापसाची कवडी किती, सगळं सांगायचे. पण तिला आठवत होता तो त्याच्याही आधीचा एक क्षण. आत कापूस भिजवलेला असला की अब्बांचा हात ढिगातून झटक्यात मागे यायचा, जसा काही विंचू डसला, आणि तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अजून काहीच आलेलं नसायचं. एकदा तिने विचारलं होतं की तुम्हाला कसं कळलं. ते हसले होते. मला कुठे, हाताला आधी कळतं, म्हणाले होते, मग तो मला सांगतो.

सोमवारी ती त्यांच्याबरोबर धरणगावच्या गाडीत बसली. जिनिंगमधल्या काही बायकांना खेळात घ्यायचंय, असं तिने निमित्त सांगितलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. आवारात कापसाचे पांढरे डोंगर लागले होते, हवेत तंतू तरंगत होते, सरकीचा तेलकट वास होता. तो वास अब्बांपर्यंत पोचत नाही, हे तिला नाकाने घेताघेताच जाणवलं. ती कापसाच्या एका गाठीवर बसून बघत राहिली. पहिल्या तीन गाड्या ठीक गेल्या. चौथी गाडी होती तोताराम नावाच्या शेतकऱ्याची. अब्बांनी हात घातला. तो सरळ आत गेला आणि सरळ बाहेर आला. त्यांनी तंतू ओढला, नखावर धरला आणि म्हणाले, लांबी एकोणतीस, ओलावा पंधरा, मधे पाणी मारलंय. सगळं खरं होतं, कारण तोताराम मान खाली घालून उभा राहिला होता. ओलावा बारावर गेला की गाडी परत, हा तिथला नियम फाटकावरच लिहिलेला होता. मग तोताराम म्हणाला, "ल्या ना भाऊ, इतला लांबतून उनू." अब्बा म्हणाले, "ल्या." हमालांनी गाडी आत घेतली. मिसबाह गाठीवरून उठून उभी राहिली. ललित शेठने कचेरीच्या खिडकीतून हे बघितलं असावं, कारण थोड्याच वेळात त्याने तिला आत बोलावून घेतलं. तो चाळिशीचा होता, वडिलांच्या मागे जिनिंग बघत होता, कापूस धरायलाही तो अब्बांकडूनच शिकला होता. ओलं घेतलेलं ढिगाच्या पोटात गरम होतं, पंधरा दिवसांपूर्वी एका ढिगातून वाफ निघत होती, वेळेवर दिसली म्हणून बरं, आत तीस बाया काम करतात, असं त्याने सांगितलं. ओलावा मोजायचं यंत्र आहे, पण ते वरवरचं मोजतं, पोटातलं तुझ्या अब्बांना, गफूरभाऊंनाच कळतं आणि तेच घ्या म्हणतात. मग तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "माझा विश्वास बसत नाही, पण लोक म्हणतात, गफूरभाऊ आता शेतकऱ्यांकडून काहीतरी घेतात. तूच सांग मिसबाह, जाणूनबुजून ओलं घेणारा माणूस दुसरं काय करत असेल? मला त्यांना हाकलायचं नाही. तब्येतीचं कारण काढून तुम्हीच त्यांना घरी बसवा." तिने त्याच्याकडे आठ दिवस मागितले. परतीच्या गाडीत अब्बा खिडकीशी बसून तूर किती वाढलीय ते तिला दाखवत होते, आणि एकतीस वर्षांचं त्यांचं इमान लोकांच्या तोंडी कसं डागाळलं, ते आपल्याला ठाऊक आहे आणि त्यांना नाही, या विचाराने तिचे तळहात ओले झाले होते.

दोन दिवस ती वाचत बसली. असे रुग्ण पूर्वी नोंदले गेले होते. कपाळामागच्या, डोळ्यांच्या वरच्या त्या भागाला इजा झाली की बुद्धी शाबूत राहते, स्मरण शाबूत राहतं, पण अंगाकडून येणारा इशारा निवडीपर्यंत पोचत नाही, असं त्या नोंदींत होतं. हे सगळं तिने परीक्षेसाठी पाठ केलं होतं. तिला त्यावर पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. आता मात्र ते वाचताना तिला कुणाच्या तरी घरातलं कपाट आणि त्यासमोर उभा असलेला माणूस दिसत होता. शास्त्रज्ञांनी त्यांच्या बायकांना काही विचारलं असेल का, असं तिच्या मनात येऊन गेलं. अब्बांना पट्ट्या लावून बघायचं, हे तिने ठरवलं, पण अभ्यासात धरायचं नाही, फक्त ललित शेठला सांगण्यासाठी. बुधवारी दुपारी स्वप्नील पेटी घेऊन घरी आला. बोटाला हे लावू का, असं तिने विचारलं, तर अब्बा "लाव" म्हणाले आणि हात पुढे केला. पट्टी तिच्या हातात तशीच राहिली. त्यांनी तोतारामलाही असंच म्हटलं होतं. या "लाव"ला काय धरायचं? ती उठून आत गेली आणि अम्मीला विचारलं. साबेरा पीठ मळत होती. आधी नको म्हणाली. तुझ्या अब्बांना कुणी न्याहाळलेलं खपायचं नाही, दवाखान्यातसुद्धा ते पडदा ओढून घ्यायचे. मग पिठाचा हात धुऊन, पदराला पुसून ती बाहेर आली आणि म्हणाली की लाव, पण मी समोर बसणार आहे, आणि मी थांब म्हटलं की थांबायचं.

चवळीचे दाणे वाटीत ओतले, थप्प्या मांडल्या. अब्बा खेळू लागले. पडद्यावरची रेघ विहिरीतल्या पाण्यासारखी संथ चालली. दहा पत्ते झाले, वीस झाले. त्यांचा हात खोट्या थप्पीवर जात होता आणि रेघ हलत नव्हती. स्वप्नीलने पट्ट्या सैल झाल्यात का म्हणून पुन्हा दाबून बघितल्या. तेवढ्यात आत मांजराने डब्याचं झाकण पाडलं, मोठा आवाज झाला, आणि रेघ ताडकन वर गेली. म्हणजे यंत्र ठीक होतं. अंगसुद्धा ठीक होतं, दचकायचं तिथे दचकत होतं. तिसाव्या पत्त्याला अब्बांनी डावीकडच्या दोन थप्प्यांवर बोट ठेवलं आणि सांगितलं की या दोन्ही खोट्या आहेत, आधी लाडावतात मग लुबाडतात. एकशे चाळीस माणसांत इतक्या लवकर कुणालाच हे शब्दांत सांगता आलं नव्हतं. आणि एवढं सांगून त्यांनी त्याच थप्पीतला पत्ता उचलला. वाटीतले सगळे दाणे गेले. स्वप्नील मिसबाहकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर तिला ओळखीचं काहीतरी दिसलं, ती शिकार सापडल्याची चमक. आपल्याही चेहऱ्यावर ती असणार, या जाणिवेने तिने मान फिरवली. लहानपणी बाई वर्गात म्हणायच्या, कळतं पण वळत नाही. आळशी मुलांना उद्देशून म्हणायच्या. त्या कळण्याच्या आणि वळण्याच्या मधे काय असतं, ते कोणी सांगितलं नव्हतं. अब्बांनी विचारलं की ही रेघ कसली. तिने जमेल तसं समजावलं, की खोट्या पत्त्याकडे हात निघाला की माणसाच्या बोटाला बारीकसा घाम सुटतो, त्याची ही रेघ, ती हाताला सावध करते. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. पडद्याकडे ते एखाद्या नव्या जातीच्या कापसाकडे बघावं तसे बघत होते, आणि त्यात दुःख नव्हतं, निव्वळ उत्सुकता होती.

"माले बठ्ठं समजस पोरी," ते म्हणाले. "वलं शे, ते बी समजस. घेवानं नही, ते बी समजस. पन लागत नही." मग त्यांनी पोटावर, बेंबीच्या जरा वर हात ठेवला. "आठे काही तरी लागे. मंग मी नही म्हनू. आते आठे कोनी नही."

साबेरा थांब म्हणाली नव्हती, पण ती उठली आणि तिने स्वतःच्या हाताने त्यांच्या बोटांच्या पट्ट्या सोडवल्या. अब्बांचा अजून एक प्रश्न होता. जुन्या गफूरची रेघ कशी असती, त्यांनी विचारलं. त्या गफूरच्या हाताचं मागे येणं तिने डोळ्यांनी बघितलं होतं, ते मोजलेलं कुठेच नव्हतं.

स्वप्नीलने प्रेमराज सरांना सांगितलं असणार, कारण गुरुवारी सकाळीच त्यांचा फोन आला. ते हळुवारपणे बोलले, अब्बांची चौकशी केली, पण त्यांच्या श्वासातली घाई तिला ऐकू येत होती. एवढी वर्षं असे रुग्ण खोलीत बसवून पत्ते खेळवले गेलेत, सर म्हणाले, पण ज्याचा धंदाच हाताने पारखण्याचा, आणि ज्याची पारख राहिली नि नकार गेला, असा माणूस बाजारात कुणी अभ्यासलेला नाही. बाजार म्हणजे काय, हे त्यातून वेगळंच दिसेल. तिला ते पटत होतं. खरं तर दोन रात्री तिच्या डोक्यात तेच चालू होतं. ओलावा सांगणारं ज्ञान आणि परत म्हणणारं पोट या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि आपण आजवर त्यांना एकच नाव देत आलो, हे तिला इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. सर म्हणाले की त्यांची संमती घे, ते सज्ञान आहेत, बुद्धी शाबूत आहे, नियमात बसतं. तिने विचारलं, "सर, संमतीच्या नियमात माणसाला नाही म्हणता येतं हे गृहीत धरलंय ना? माझ्या अब्बांना ते येत नाही. त्यांचं हो कशात मोजू?" सर म्हणाले की मग नोंद पुसून टाकलीस तरी मी विचारणार नाही. तिने फोन ठेवला आणि यंत्रात राहिलेली नोंद पुसली. पुसताना बोटं ओलसर झाली. आपलं यंत्र अजून चालू आहे, असं तिला वाटलं आणि त्याचीही लाज वाटली.

शनिवारी ती ललित शेठसमोर जाऊन बसली. दाखवायला कागद नव्हता, तेव्हा तिने सगळं तोंडानेच सांगितलं. गाठ कुठे होती, तिथे काय असतं, वांग्यांच्या गाडीपाशी काय झालं, थप्पी खोटी असं सांगून त्यातलाच पत्ता कसा उचलला. त्याने मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी त्याने एवढंच विचारलं की म्हणजे भाऊंनी काही घेतलं नाही. घेतलं नाही, ती म्हणाली, त्यांना देऊ केलं असतं तर कदाचित घेतलंही असतं, पण कुणी दिलेलंच नाही, तोतारामलाच विचारा. ललित शेठने डोळ्यांवर हात धरले. मी चार लोकांत बोललो, तो म्हणाला, आता त्या चार लोकांकडे जाऊन परत बोलावं लागेल. आणि तो गेला, हे तिला पुढे कळलं. मग दोघांनी मिळून मार्ग काढला. पारख गफूरभाऊंनी करायची, आकडा मोठ्याने सांगायचा, आणि तिथेच थांबायचं. हो की नाही ते वजनकाट्यावरची सारिका सांगेल. सारिका ठसठशीत बाई होती, नियम पाटीवर लिहिलाय तो काय शोभेला, असं म्हणत तिने खुर्ची ढिगाजवळ ओढून घेतली. पहिल्याच तासाला एक गाडी आली, अब्बांनी हात घातला, चौदा म्हणाले. सारिका म्हणाली, परत. शेतकरी तिला सोडून अब्बांकडे वळला, हात जोडू लागला, जुनी ओळख सांगू लागला. "मी नुसता आकडा सांगस," अब्बा म्हणाले. शेतकरी त्यांना दगडाच्या काळजाचा म्हणून शिव्या देत निघून गेला. अब्बांनी त्याच्या पाठीकडे थोडा वेळ बघितलं आणि पुढच्या गाडीत हात घातला. यात ते जिंकले की हरले, हे तिला ठरवता येईना. एक माणूस दोन माणसांत वाटला गेला होता आणि कापूस कोरडा राहणार होता.

संध्याकाळी धरणगावच्या बसस्थानकावर जळगावची गाडी यायला उशीर होता. दोघं बाकावर बसली. ऊन तिरपं झालं होतं. इतके दिवस मिसबाहने एक गोष्ट विचारायचं टाळलं होतं, ती तिने आता विचारली. लोक काय बोलत होते, ते तुम्हाला माहीत होतं का? होतं, ते म्हणाले. हमालच बोलायचे. ऐकून काय वाटलं, तिने विचारलं, आणि विचारताक्षणी तिला कळलं की हा प्रश्नच चुकला. पण अब्बांनी त्यावर नीट विचार केला. मला काही वाटलं नाही, त्यांनी सांगितलं, मात्र ही मोठी गोष्ट आहे की लहान, ते मला समजून घ्यायचं होतं, म्हणून घरी जाऊन तुझ्या अम्मीला सांगितलं. "तुनी अम्मीना तोंडकडे देखं," ते म्हणाले. "तव्हय समजनं, कितली मोठी शे ते." आणि मग त्यांनी अगदी सहज, जणू चष्मा लावतो म्हणावं तसं सांगितलं की आता ते नेहमी असंच करतात. काही ठरवायचं असलं की आधी साबेराच्या चेहऱ्याकडे बघायचं. तिच्या भिवयांत असतं सगळं. ती नसली की अडतं. मिसबाहच्या डोक्यातून चौदा महिने भराभरा सरकले. अम्मीला हे माहीत होतं. सदरा काढून ठेवणं हा त्यातला अगदी लहानसा भाग होता. ती बाई चौदा महिने दोन माणसांपुरतं दुखवून घेत होती, दोन माणसांपुरतं घाबरत होती, चेहरा दिवसभर वाचता येईल असा उघडा ठेवून. एवढ्या मोठ्या यंत्रणेला कोणत्या तक्त्यात बसवायचं, ते कोणत्याही विषयाच्या कोणत्याही पुस्तकात नव्हतं.

चहाच्या टपरीवरचा माणूस किटली घेऊन बाकापर्यंत आला आणि देऊ का म्हणून त्याने विचारलं. अब्बांनी मिसबाहच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते वाट बघत होते. आणि तिने, का ते तिलाही सांगता आलं नसतं, आपला चेहरा कोरा केला. खेळ घेताना समोरच्याला काही सुचवलं जाऊ नये म्हणून करायची सवय होती तसा, भुवया सरळ, ओठ मिटलेले. बघू तरी, काय करतात. दोन क्षण गेले, चार गेले. अब्बांची नजर तिच्या कपाळावरून डोळ्यांकडे, डोळ्यांवरून ओठांकडे फिरत होती, अंधारात भिंत चाचपणाऱ्या हातासारखी, आणि त्यांच्या तोंडावर चिडचिड नव्हती, घाई नव्हती, फक्त पराकोटीचा धीर होता. चहावाला ताटकळला. तिचा चेहरा तिच्या ताब्यातून सुटला आणि तिथे जे काही उमटलं असेल ते उमटलं. अब्बा लगेच वळले. "दोन दे," त्यांनी चहावाल्याला सांगितलं, "हिले जोयजे." आणि गरम ग्लास हातात आल्यावर तिला कळलं की खरंच, तिला केव्हापासून चहा हवा होता.